लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म: २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, मृत्यू: २६ सप्टेंबर १९५६, पुणे) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बेळगावातील सायकलच्या दुकानापासून त्यांनी व्यवसायाला सुरुवात केली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचे उत्पादन करून त्यांनी शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते.

लक्ष्मणरावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती आणि घरात व्यापाराची परंपराही नव्हती. यंत्रांचे ज्ञान त्यांनी निरीक्षणातून, वाचनातून आणि हाताने काम करून मिळवले. कारखाना चालवण्याची व माणसे सांभाळण्याची विद्याही त्यांना अनुभवातूनच, प्रसंगी नुकसान सोसून, आत्मसात करावी लागली. औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसांमधून जबाबदार सहकारी घडवणे हे त्यांच्या उद्योजकतेचे प्रमुख वैशिष्ट्य समजले जाते.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने रूढ शिक्षण घेऊन नोकरी धरावी ही त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील स्वाभाविक अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासापेक्षा चित्रकलेत आणि यंत्रांत अधिक रमत असे. वडिलांची इच्छा नसतानाही १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला.

चित्रकलेचे हे शिक्षण दोनच वर्षे टिकले. लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला. रंग सुटले तरी रेषा सुटली नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (व्हीजेटीआय) नोकरी धरली. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर वेगवेगळ्या बाजूंनी अचूक उतरवण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. परदेशी यंत्र पाहावे, त्याची जुळणी समजून घ्यावी आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात बदल करून ते नव्याने काढावे, ही त्यांची कामाची पद्धत याच काळात तयार झाली. संस्थेतील यंत्रशाळेत त्यांना लेथ, ओतकाम आणि जोडकाम यांची प्रत्यक्ष ओळख झाली.

सायकलचे दुकान

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांचे लक्ष सायकलीकडे गेले. सायकल हे त्या वेळी नवे, महाग आणि बहुतांशी युरोपीय व श्रीमंत लोकांपुरते मर्यादित असलेले वाहन होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला आपले वडीलबंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकत, ग्राहकांना चालवायला शिकवीत आणि दुरुस्तीचे काम पाहत. या दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स असे होते. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना याच दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मोजतो. कारखानदारीच्या दृष्टीने पाहता ही तारीख काहीशी आधीची आहे, कारण त्या वेळी लक्ष्मणराव अवघे १९ वर्षांचे होते आणि उत्पादन असे काहीच सुरू झालेले नव्हते. भावांच्या भागीदारीची सुरुवात म्हणून मात्र ती योग्य ठरते.

दोघा भावांच्या स्वभावांतील फरक या भागीदारीला पोषक ठरला. लक्ष्मणराव यंत्रात गढून जाणारे होते, तर रामूअण्णा लोकांत मिसळणारे आणि व्यवहार पाहणारे होते. आपल्याला जे जमत नाही ते ज्याला जमते त्याच्यावर सोपवावे, ही गोष्ट लक्ष्मणरावांनी प्रथम आपल्या भावाच्या बाबतीत अंगीकारली. पुढे कारखान्याचा विस्तार झाल्यावरही ही वाटणी कायम राहिली.

मुंबईच्या नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेल्यानंतर लक्ष्मणरावांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. दरमहा ठरलेला पगार सोडून दुकानदारी पत्करणे हे त्या काळच्या सुशिक्षित मराठी समाजात प्रतिष्ठेचे मानले जात नसे. सायकलीच्या धंद्यालाही मर्यादा होत्या. माल परदेशी, गिऱ्हाईक मोजके आणि वाढत जाणारी स्पर्धा यांमुळे केवळ विक्रीवर विसंबून राहता येणार नाही, हे दोघा भावांच्या लवकरच लक्षात आले.

कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर

स्वतः काहीतरी तयार करायचे असे ठरवल्यावर लक्ष्मणरावांनी शेतीकडे पाहिले. बेळगाव आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेश ज्वारीचा. ज्वारी काढल्यानंतर उरलेला कडबा हेच जनावरांचे मुख्य खाद्य. अखंड कडबा पुढे टाकला की जनावरे पाला व शेंडा खातात आणि जाड बुडखा तुडवून वाया घालवतात. तोच बारीक कापून घातला तर बहुतेक सगळा खाल्ला जातो. दुष्काळाच्या वर्षांत हा फरक जनावर जगण्या-मरण्याचा असे. हाताने चाक फिरवून कडबा कापण्याचे यंत्र लक्ष्मणरावांनी तयार केले. हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन होय.

यानंतर ते नांगराकडे वळले. त्या काळी सर्वत्र लाकडी नांगर वापरला जाई. गावचा सुतार तो घडवून देई आणि त्याचा मोबदला बलुत्यातून मिळे, त्यामुळे शेतकऱ्याला त्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती पुरती उलटवत नाही. काळ्या जमिनीत खोल गेलेल्या हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या त्याने निघत नाहीत. परदेशी लोखंडी नांगर हे काम चांगले करीत, परंतु ते महाग होते आणि इथली माती, इथले बैल व इथल्या शेतकऱ्याची नांगर धरण्याची पद्धत यांचा विचार त्यांच्या रचनेत नव्हता. मोडलेला भाग बदलून मिळण्याची सोयही जवळपास नव्हती. अवजार ज्या जमिनीत चालायचे त्या जमिनीला अनुरूप असले पाहिजे, असे लक्ष्मणरावांचे ठाम मत होते. त्या मतानुसार त्यांनी बिडाचे ओतीव भाग वापरून स्वतःचा नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पसरलेली होती. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. या काळात कारखान्यात भांडवल अडकून पडले होते आणि घरखर्च व मजुरी भागवणे कठीण झाले होते.

या समजुतीला केवळ अडाणीपणा ठरवून चालण्यासारखे नव्हते. शेतकऱ्याच्या दृष्टीने नांगरणीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. नव्या अवजाराने दगा दिला तर नुकसान पूर्ण वर्षाचे होते. अवजार विकणाऱ्याचा धोका त्या मानाने लहान असतो. लक्ष्मणरावांनी ही बाजू ओळखली. नांगर दुकानात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी तो शेतात चालवून दाखवणे, वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकणे आणि त्यानुसार रचना सुधारणे हा मार्ग त्यांनी धरला. फाळ झिजला की संपूर्ण नांगर टाकून न देता तेवढाच भाग बदलता यावा, हेही नांगराच्या प्रसाराला महत्त्वाचे होते. हळूहळू शेजाऱ्याच्या रानातील नांगरट पाहून दुसरा शेतकरी नांगर मागू लागला. किर्लोस्कर नांगराचे नाव अशा रीतीने प्रथम दक्षिण महाराष्ट्रात आणि नंतर अन्यत्र पसरले.

व्यवसायाच्या दृष्टीने या अनुभवातून लक्ष्मणरावांच्या कामात दोन बदल झाले. एक म्हणजे उत्तम यंत्र आपोआप खपते हा यंत्रज्ञाचा समज दूर झाला. दुसरा बदल असा की, विक्रीसाठी फिरणारा माणूस हा कारखान्यातल्या कारागिराइतकाच महत्त्वाचा असून शेतातली बातमी कारखान्यात आणण्याचे काम तोच करतो, हे त्यांना पटले. त्यांच्या पुढच्या काळातील सहकाऱ्यांत फिरतीवर राहणाऱ्या माणसाला जे स्थान मिळाले त्याचे मूळ येथे आहे.

बेळगावातून स्थलांतर

नांगराला मागणी येऊ लागली तेव्हाच नवे संकट उभे राहिले. लक्ष्मणरावांचा कारखाना ज्या जागेवर होता ती जागा शहराच्या विस्तारासाठी हवी असल्याने नगरपालिकेने त्यांना ती सोडण्यास सांगितले. भट्टी, लेथ आणि ओतकामाचे साहित्य हलवणे हे दुकान हलवण्यासारखे सोपे नव्हते. नवी जागा घेऊन इमारत बांधण्याइतका पैसा जवळ नव्हता. कारागिरांची घरे बेळगावात होती. ते बरोबर येतील याचीही खात्री नव्हती.

नगरपालिकेच्या निर्णयाचा दोष कितीही असला, तरी कारखान्याच्या जागेबाबत पुरेशी शाश्वती न मिळवता त्यावर यंत्रे उभारणे ही लक्ष्मणरावांचीही चूक होती. यंत्र आणि माल यांवर जितके लक्ष त्यांनी दिले तितके जागेच्या हक्कावर दिले नव्हते. पुढच्या जागेची निवड करताना मात्र जमीन, पाणी, रेल्वे आणि सत्ताधाऱ्याचा पाठिंबा या सर्वांचा विचार झालेला दिसतो.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. बाळासाहेब हे स्वतः चित्रकार आणि कलासंग्राहक होते आणि त्यांची लक्ष्मणरावांशी आधीपासून ओळख होती. आपल्या संस्थानात उद्योग यावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानच्या हद्दीत जागा निवडण्यास सांगितले आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. औंध हे लहान संस्थान होते आणि त्याचा मुलूखही सलग नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली गावे मिळून ते बनलेले होते. त्यांपैकी कुंडल भागातील, पुणे–मिरज रेल्वेमार्गावरच्या कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जागा लक्ष्मणरावांनी पसंत केली. कच्चे बीड व कोळसा आणण्यासाठी आणि तयार नांगर पाठवण्यासाठी रेल्वे दाराशी असणे हे या जागेचे मुख्य आकर्षण होते. त्याखेरीज तिच्यात घेण्यासारखे फारसे काही नव्हते.

किर्लोस्करवाडी

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि त्यांचे सहकारी या माळावर राहायला आले. जमीन ओसाड होती, निवडुंगाने भरलेली होती आणि तेथे नागांचा सुळसुळाट होता. सुरुवातीला सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. निवडुंग तोडणे, जमीन साफ करणे, तात्पुरता निवारा उभारणे आणि यंत्रे बसवणे ही कामे मालक व कामगार यांनी मिळूनच केली. या वसाहतीला किर्लोस्करवाडी असे नाव पडले.

कामगारांसाठी कारखान्याशेजारीच वस्ती असावी, ही कल्पना लक्ष्मणरावांच्या मनात आधीपासून होती. पाश्चात्त्य देशांतील कारखानदारांनी वसवलेल्या औद्योगिक वसाहतींची वर्णने त्यांनी वाचली होती. कुंडल रोडला मात्र ही कल्पना केवळ आदर्श म्हणून नव्हे, तर गरज म्हणूनही पुढे आली. आसपास शहर नव्हते, भाड्याने घरे नव्हती, कुशल कारागीर नव्हते. घर, पाणी, दुकान, शाळा आणि औषधोपचार यांची सोय झाली नाही तर बेळगावहून आलेली माणसे टिकणार नव्हती. वसाहतीच्या व्यवस्थेची जबाबदारी रामूअण्णांनी घेतली. कारखान्यातला दिवस लक्ष्मणरावांचा आणि वाडीतला संसार रामूअण्णांचा, अशी वाटणी झाली.

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, असा दंडक लक्ष्मणरावांनी घातला. विसाव्या शतकाच्या त्या टप्प्यावर आणि ग्रामीण भागात हा निर्णय साधा नव्हता. धार्मिक कर्मकांडावर त्यांचा विश्वास नव्हता. वेदान्ती पित्याच्या या मुलाने आयुष्यभर अज्ञेयवादी भूमिका ठेवली. वाडीतील शिस्त, स्वच्छता आणि व्यवस्था यांचे तत्कालीन पाहुण्यांना कौतुक वाटे. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. नोकरी, घर आणि शेजार हे सर्व एकाच संस्थेच्या हाती असल्याने मालकाचा शब्द कामगाराच्या उंबरठ्याच्या आतही पोहोचत असे. वडीलधाऱ्याने कुटुंब चालवावे तशी ही वसाहत चालत होती, आणि अशा कुटुंबात असतो तसा जिव्हाळा व धाक दोन्ही तेथे होते.

सहकाऱ्यांची निवड

किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या काळात पदवीधर अभियंते नेमण्याची लक्ष्मणरावांची आर्थिक ताकद नव्हती, आणि अशा आडजागी ते आलेही नसते. त्यामुळे उपलब्ध माणसांतूनच जाणकार तयार करणे भाग होते. या अपरिहार्यतेचे त्यांनी पद्धतीत रूपांतर केले.

त्यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांत शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. यांपैकी कोणाकडेही आपापल्या कामाचे मोठे औपचारिक शिक्षण नव्हते. जांभेकर यांनी यंत्रकामाची बाजू सांभाळली. कुलकर्णी व्यवस्थापन व फिरती पाहत. रेगे कारकून म्हणून काम करता करता हिशेबाचे प्रमुख झाले. फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले विद्यार्थी होते. वाडीत त्यांच्यातील कल्पक यंत्रज्ञाला वाव मिळाला. स्वतः लक्ष्मणरावांनीही कलाशिक्षण मध्येच सोडले होते आणि त्यांच्या हाती अभियंत्याची पदवी नव्हती. त्यामुळे प्रमाणपत्रावरून माणसाची पारख करणे त्यांना पटत नसावे असे दिसते.

या माणसांना जबाबदारी देताना लक्ष्मणराव संपूर्ण कामच त्यांच्या ताब्यात देत. यंत्रज्ञ स्वभावाच्या मालकाला ही गोष्ट सोपी नसते. आपल्यापेक्षा कमी जाणणारा माणूस डोळ्यांदेखत चुकत असताना हत्यार त्याच्या हातातून काढून घेण्याचा मोह होतो. बेळगावात बहुतेक तांत्रिक काम लक्ष्मणरावांच्या भोवती फिरत होते. वाडीत कारखाना, वसाहत, विक्री आणि हिशेब अशी अनेक कामे एकाच वेळी उभी राहिल्यामुळे हे शक्य राहिले नाही. साचा बिघडला, ओतीव भाग तडकला किंवा माल परत आला तर कारण शोधून पुढचा प्रयत्न करावा, अशी रीत तेथे रुळली. चुकीतून झालेले नुकसान हा कारागीर घडवण्याचा खर्च समजला जाई. भांडवल तोकडे असलेल्या कारखान्यात हे धोरण जोखमीचे होते. पण बाहेरून तज्ज्ञ आणणे परवडत नसताना दुसरा पर्याय त्याहून महाग पडला असता.

वाडीच्या रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना नेमले, हा त्यांच्या चरित्रातील नेहमी सांगितला जाणारा प्रसंग आहे. हे पहारेकरी विश्वासू ठरले. उघड्या माळावरील वस्तीला चोरांचे भय होते आणि त्या भागाची खडान्‌खडा माहिती या माणसांनाच होती, त्यामुळे या नेमणुकीमागे व्यावहारिक शहाणपणही होते. तरीही समाजाने कायमचा शिक्का मारलेल्या माणसाच्या हाती रात्रीची राखण देणे हा निर्णय लक्ष्मणरावांनी घेतला आणि निभावला.

युद्धकाळ आणि मर्यादित कंपनी

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी अवजारांची आयात आटली आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. त्याच वेळी कच्चे बीड आणि इंधन मिळणे अवघड झाले. मागणी आहे पण माल घडवायला धातू नाही, अशा या काळात कारखाना चालू ठेवणे ही मोठी कसोटी होती. युद्धाच्या अखेरीस किर्लोस्कर नांगर हा आयात नांगरांना पर्याय म्हणून स्थिरावलेला होता.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. दोन भावांच्या विश्वासावर चाललेला व्यवसाय आता भागधारकांना, संचालक मंडळाला आणि छापील ताळेबंदाला उत्तरदायी झाला. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याची साधने यांचे उत्पादन होऊ लागले. १९२६ च्या सुमारास कारखान्याने पंपांच्या निर्मितीत पाऊल टाकले. विहिरीवरच्या मोटेला पर्याय देणारे हे उत्पादन पुढे किर्लोस्कर ब्रदर्सची मुख्य ओळख बनले.

प्रसिद्धी आणि मासिके

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकार होते. वाडीत आल्यावर त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले. १९२० साली त्यांनी कारखान्याची व ग्राहकांची वार्ता देणारे 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. थोड्याच काळात त्याचे स्वरूप व्यापक झाले आणि ते 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. त्यापाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून निघणाऱ्या या मासिकांनी समाजसुधारणा, विज्ञाननिष्ठा आणि स्त्रियांचे प्रश्न मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत नेले. त्यांचे संपादकीय कर्तृत्व शंकररावांचे आहे. कारखान्याच्या पैशाने आणि छापखान्यात त्यांना हे स्वातंत्र्य घेऊ देणे हा लक्ष्मणरावांचा वाटा होता. विक्री वाढवण्यासाठी नेमलेल्या पुतण्याने जाहिरातपत्राचे साहित्यिक मासिक करावे आणि चुलत्याने ते चालू द्यावे, हे मराठी उद्योगविश्वात सहसा आढळत नाही.

पुढील पिढी

लक्ष्मणराव आणि त्यांच्या पत्नी राधाबाई यांच्या मुलांपैकी थोरले शंतनुराव (जन्म: १९०३) यांना यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पाठवण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेले चुलतबंधू माधवराव यांचा तेथेच क्षयाने मृत्यू झाला. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले आणि वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. अनुभवातून शिकलेल्या वडिलांच्या कारखान्यात पदवीधर मुलगा येणे हा अशा उद्योगांत नाजूक काळ असतो. वाडीतही अनुभवी कारागिरांची पिढी आधीपासून कामावर होती आणि कारखान्याची घडी त्यांनी बसवलेली होती.

१९३० च्या सुमाराची जागतिक मंदी शेतमालाच्या किमती पाडून गेली आणि शेतकऱ्याच्या हाती नांगर घेण्याइतका पैसा उरला नाही. केवळ शेतीच्या अवजारांवर अवलंबून राहण्यातला धोका उघड झाला. लोखंडी फर्निचर आणि पुढे लेथसारखी यंत्रे बनवणारी यंत्रे यांकडे कारखाना वळला. या बदलात नव्या पिढीचा पुढाकार मोठा होता. लक्ष्मणरावांनी दैनंदिन कारभार टप्प्याटप्प्याने तिच्याकडे जाऊ दिला.

१९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रनिर्मितीसाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. तिची धुरा दुसरे पुत्र राजाराम यांच्याकडे होती. १९४६ मध्ये पुण्यातील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. डिझेल इंजिन, विजेची मोटर आणि पंप यांची ही साखळी ग्रामीण सिंचनाच्या गरजेभोवती गुंफलेली होती. या विस्ताराचे श्रेय मुख्यतः शंतनुराव व त्यांच्या भावांना जाते. सर्वोच्च जबाबदाऱ्या कुटुंबाकडेच राहिल्या हेही खरे. वाडीच्या पहिल्या काळात परक्या, अशिक्षित माणसांना मिळालेली मोकळीक आणि पुढील काळातील कुटुंबकेंद्री रचना यांतील अंतर लक्षात येण्यासारखे आहे.

१९४८ ची जाळपोळ

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलींत किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. अडतीस वर्षांत उभ्या केलेल्या कामाची मोठी हानी झाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अस्पृश्यता न पाळणाऱ्या आणि परिसरातील असंख्य कुटुंबांना रोजगार देणाऱ्या वसाहतीवर हा प्रसंग यावा, याचा धक्का किर्लोस्कर कुटुंबाला मोठा होता.

वाडी सोडून जाण्याचा मार्ग खुला होता. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथील कारखाने चालू होते आणि तेथे काम हलवणे व्यवहारदृष्ट्या अशक्य नव्हते. तसे करण्यात आले नाही. कारखाना त्याच जागी पुन्हा उभारण्यात आला आणि पंपांचे उत्पादन परत सुरू झाले.

अखेरचा काळ आणि स्मारके

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत लक्ष्मणराव कारभारातून निवृत्त झाले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शंतनुराव किर्लोस्कर यांच्या 'कॅक्टस अँड रोझेस' या आत्मचरित्रात लक्ष्मणरावांच्या आणि वाडीच्या आरंभकाळाच्या आठवणी आल्या आहेत. शीर्षकातील निवडुंग कुंडल रोडच्या माळाची आठवण करून देतो. बेळगावात त्यांचे पहिले दुकान ज्या रस्त्यावर होते तो रस्ता किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत आजही पंपांचा कारखाना चालू आहे आणि पूर्वीच्या कुंडल रोड स्थानकाचे नाव किर्लोस्करवाडी असे आहे.